पूर्व बंगालचा विसरलेला प्रश्न आणि मुलचेऱ्यातील नमःशूद्र वसाहती

शाक्य आणि कोलीय ही दोन शेजारी गणराज्ये होती. रोहिणी नदी ही त्यांच्यामधील सीमा होती आणि त्या नदीचे पाणी हेच त्यांच्या भांडणाचे मूळ होते. हा पाणीतंटा युद्धाच्या थराला गेला तेव्हा सिद्धार्थाने शाक्य संघात उभे राहून युद्धाला विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा नेमावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा हा प्रसंग परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे आणि आपल्या वाचकांना तो सुपरिचित आहे. परंतु त्यातील एका तपशिलाकडे आम्हाला येथे मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. संघाचा निर्णय न मानणाऱ्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालणे व त्याची जमीन जप्त करणे हा संघाच्या हातचा उपाय होता. भांडण दोन राज्यांचे असले तरी त्याची किंमत एका कुटुंबाच्या शेतजमिनीतून वसूल होणार होती. म्हणूनच सिद्धार्थाने ती शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली.

दोन शेजारी राष्ट्रांच्या वैराचा इतिहास सहसा सेनापतींच्या व मुत्सद्द्यांच्या बाजूने लिहिला जातो. ज्या कुटुंबांच्या जमिनी त्या वैरापायी गेल्या त्यांच्या बाजूने तो क्वचितच लिहिला जातो. भारत आणि पाकिस्तान यांच्या संबंधांचा विचार या दुसऱ्या बाजूने करावयाचा झाल्यास आपणांस वाघा किंवा श्रीनगर येथे जाण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात जाणे पुरेसे आहे.

कलहाची दोन कारणे

१० ऑक्टोबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडण्याची कारणे सांगणारे निवेदन प्रसिद्ध केले. हिंदू कोड बिलाची उपेक्षा हे त्यातील कारण सर्वांच्या स्मरणात आहे. परराष्ट्र धोरणावरील भाग मात्र फारसा वाचला जात नाही. पाकिस्तानशी असलेल्या आपल्या कलहाची दोन कारणे बाबासाहेबांनी तेथे सांगितली आहेत. एक काश्मीर आणि दुसरे पूर्व बंगालमधील आपल्या लोकांची स्थिती. त्यांच्या मते भारताने काश्मीरपेक्षा पूर्व बंगालची चिंता अधिक करावयास हवी होती, कारण तेथील आपल्या लोकांचे जिणे असह्य झाल्याचे वृत्तपत्रांतून दिसत होते. प्रत्यक्षात देशाने आपले सर्वस्व काश्मीरच्या प्रश्नावर पणाला लावले होते. सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये एकट्या सैन्यावर खर्च होत असल्याचा हिशेबही त्यांनी मांडला.

काश्मीरबाबत त्यांचा उपाय फाळणीचा होता. हिंदू व बौद्ध बहुसंख्येचा भाग भारताकडे आणि मुस्लिम बहुसंख्येचा भाग पाकिस्तानकडे जावा, असे त्यांचे मत होते. सरसकट सार्वमत घेतल्यास तेथील हिंदू आणि बौद्ध जनता इच्छेविरुद्ध पाकिस्तानात ओढली जाईल आणि पूर्व बंगालसारखाच प्रश्न तेथेही उभा राहील, ही त्यांची भीती होती. या उपायाशी कोणी सहमत होवो अथवा न होवो, बाबासाहेबांच्या विचाराचा रोख नीट पाहिला पाहिजे. सीमावादात त्यांनी भूमीआधी त्या भूमीवरील माणसांचा विचार केला.

पूर्व बंगालमधील 'आपले लोक' म्हणजे नेमके कोण, हे समजल्याशिवाय या निवेदनातील कळकळ समजत नाही.

ज्यांनी बाबासाहेबांना घटना समितीत पाठविले

बारिसाल, फरिदपूर, जेसोर आणि खुलना या जिल्ह्यांच्या पाणथळ प्रदेशात नमःशूद्र हा शेतकरी व नावाडी समाज मोठ्या संख्येने राहत असे. सवर्ण समाज व सरकारी दप्तर त्यांना 'चांडाळ' म्हणत असे. १८७२-७३ साली या समाजाने फरिदपूर-बारिसाल भागात उच्चवर्णीयांची कामे करण्याचे नाकारून मोठा बहिष्कार पुकारला. हरिचंद ठाकूर (१८१२-१८७८) यांनी ब्राह्मणी कर्मकांड नाकारणारा मतुआ पंथ स्थापिला. त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी ओराकांदी येथून शिक्षणाची चळवळ चालविली. १९११ च्या जनगणनेत 'चांडाळ' हे नाव जाऊन 'नमःशूद्र' हे नाव अधिकृतपणे आले. महाराष्ट्रातील आपल्या चळवळीची ही थोरली भावंडे होत, असे म्हणावयास हरकत नाही.

या समाजातून पुढे आलेले जोगेंद्रनाथ मंडल हे बंगालमधील शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते. १९४६ साली मुंबई प्रांतातून घटना समितीवर निवडून जाण्याचा बाबासाहेबांचा मार्ग बंद झाला, तेव्हा मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून त्यांना निवडून आणले. आपल्याकडे बोलताना 'जेसोर-खुलना मतदारसंघ' असा उल्लेख होतो. वस्तुतः घटना समितीची निवडणूक प्रादेशिक मतदारसंघांतून झालीच नव्हती. प्रांतिक विधिमंडळांच्या सभासदांनी एकल संक्रमणीय मतपद्धतीने प्रतिनिधी निवडले होते. तथापि लोकस्मृतीतील या उल्लेखात एक सत्य आहे. बाबासाहेबांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या त्या दलित आमदारांमागचा समाज याच जिल्ह्यांतील होता.

फाळणीने बंगालमधील ती जागा संपुष्टात आली. जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पुढचा इतिहास आपण जाणतोच. ज्यांनी त्यांना प्रथम तेथे पाठविले त्यांचे पुढे काय झाले, याचा शोध मात्र आपण फारसा घेतला नाही.

पाच आठवड्यांत आखलेली रेषा

८ जुलै १९४७ रोजी सर सिरिल रॅडक्लिफ प्रथमच भारतात आले आणि पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब व बंगाल या दोन्ही प्रांतांच्या सीमा आखल्या. बंगाल सीमा आयोगात दोन हिंदू व दोन मुस्लिम न्यायाधीश होते. नमःशूद्रांची वस्ती ज्या जिल्ह्यांत होती त्यांचे भवितव्य ठरत असता नमःशूद्रांचा प्रतिनिधी तेथे नव्हता.

निवाडा १७ ऑगस्ट रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी प्रसिद्ध झाला. खुलना जिल्ह्यात बिगर-मुस्लिमांची संख्या किंचित अधिक होती. तेथे १५ ऑगस्टला तिरंगा फडकला होता. निवाड्याने खुलना पाकिस्तानात गेला आणि मुस्लिम बहुसंख्येचा मुर्शिदाबाद भारताकडे आला. जेसोरचा बनगाव भाग तेवढा भारतात राहिला. बौद्ध वाचकांनी विसरू नये अशी आणखी एक गोष्ट याच निवाड्यात आहे. चितगाव डोंगराळ प्रदेशात १९४१ च्या जनगणनेनुसार ९७ टक्क्यांहून अधिक लोक बिगर-मुस्लिम होते आणि त्यांत बौद्ध चकमा व मर्मा यांचा भरणा मोठा होता. तोही पाकिस्तानला देण्यात आला. रांगामाटी येथे फडकविलेला तिरंगा काही दिवसांत पाकिस्तानी सैन्याने उतरविला. १९६२ साली पूर्ण झालेल्या काप्ताई धरणाने या प्रदेशातील सुमारे एक लाख लोकांना उठविले. १९६४ पासून त्यांच्यापैकी हजारो चकमा भारतात आले व आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले. त्यांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली आदेश द्यावा लागला आणि नागरिकत्वासाठी २०१५ साली पुन्हा द्यावा लागला.

बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या १९४० च्या ग्रंथात सीमा व अल्पसंख्याक यांचा प्रश्न आधीच उपस्थित केला होता. पाकिस्तान होणारच असेल तर पंजाब आणि बंगाल यांच्या सीमा लोकवस्तीनुसार नव्याने आखाव्या लागतील आणि अल्पसंख्याकांची अदलाबदल राज्यांनी आपली जबाबदारी म्हणून, मालमत्तेची भरपाई देऊन, नियोजनपूर्वक करावी लागेल, असे त्यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांचा दाखला देऊन लिहिले होते. प्रत्यक्षात सीमा घाईने आखली गेली आणि जबाबदारी कोणीच घेतली नाही. नोव्हेंबर १९४७ अखेर बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या दलितांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे जाहीर आवाहन केले.

मंडल यांनी वेगळी वाट धरली होती. मुस्लिम शेतकरी व नमःशूद्र शेतकरी यांचे आर्थिक हित एकच आहे, या विचाराने ते मुस्लिम लीगसोबत राहिले आणि पाकिस्तानचे पहिले कायदा व कामगार मंत्री झाले. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा व आसपासच्या नमःशूद्र गावांवर अत्याचार झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका आणि बारिसाल येथे हिंसाचार उसळला. ८ ऑक्टोबर १९५० रोजी मंडल यांनी कोलकात्याहून राजीनामा पाठविला. त्यात त्यांनी आपल्या समाजाच्या वाताहतीचा पाढाच वाचला आहे. १९६८ साली सीमेलगतच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

काश्मीरची ठिणगी, खुलन्यातील आग

पंजाबची आणि बंगालची फाळणी एकसारखी नव्हती. पंजाबात काही महिन्यांत जवळजवळ संपूर्ण लोकसंख्येची अदलाबदल झाली. बंगालात लोक लाटांनी येत राहिले आणि हे पाव शतक चालले. १९५० च्या एप्रिलमध्ये झालेल्या नेहरू-लियाकत कराराचा हेतू अल्पसंख्याकांनी आपापल्या जागी राहावे हाच होता. त्यामुळे पूर्वेकडून येणारा निर्वासित हा परत जाणारा पाहुणा मानला गेला. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळाली. पूर्व बंगालच्या निर्वासिताला तो कायदा लागू नव्हता.

यातही जातीचा क्रम होता. आधी निघाले ते सुशिक्षित सवर्ण, ज्यांना कोलकात्यात नातलग होते, नोकरी मिळण्याची आशा होती. नमःशूद्र शेतकऱ्याजवळ जमिनीशिवाय काही नव्हते, म्हणून तो जमिनीला धरून राहिला व सर्वांत शेवटी निघाला. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन देशांदरम्यान पारपत्राची पद्धत सुरू झाली तेव्हा दार बंद होण्याच्या भीतीने एक लाट आली. सर्वांत मोठा धक्का १९६४ चा होता. २७ डिसेंबर १९६३ रोजी श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस नाहीसा झाला. तो ४ जानेवारीला परत मिळाला. परंतु तेवढ्यात सुमारे एकोणीसशे किलोमीटर दूर असलेल्या खुलन्यात आग भडकली होती. श्रीनगर कोठे आहे हे ज्याने स्वप्नातही पाहिले नव्हते अशा नमःशूद्राचे घर तिच्यात जळाले. कोलकात्यातही त्याची प्रतिक्रिया उमटली व तेथे निरपराध मुसलमान मारले गेले. दोन सत्तांच्या वैराचा हाच खरा नकाशा आहे. वाद एका टोकाला होतो आणि बळी दुसऱ्या टोकाला पडतो.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानने 'शत्रू मालमत्ता' आदेश काढला. देश सोडून गेलेल्या हिंदूंच्या जमिनी शत्रूची मालमत्ता ठरल्या. बांगलादेश निर्माण झाल्यावरही तो कायदा 'निहित मालमत्ता' या नव्या नावाने चालूच राहिला. जमिनी परत करण्याचा कायदा व्हावयास २००१ साल उजाडले. शाक्य संघाच्या हातची जप्ती आणि ही जप्ती यांत फरक एवढाच की, सिद्धार्थाने ती शिक्षा जाणून स्वीकारली होती. या शेतकऱ्याला आपण कोणाचे शत्रू केव्हा झालो, हेही कळले नाही.

मुलचेऱ्याच्या अरण्यात

पश्चिम बंगालच्या छावण्या भरल्या, तेव्हा सरकारने निर्वासितांना बंगालबाहेर पाठविण्याचे ठरविले. १९५८ साली दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले. ओरिसातील कोरापुट व कालाहंडी आणि मध्य प्रदेशातील बस्तर हा त्याचा प्रदेश होता. रायपूरजवळील माना येथे मोठी छावणी उभी राहिली. याच काळाच्या ओघात, १९६० च्या दशकात, महाराष्ट्रातील तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातही बंगाली कुटुंबे वसविण्यात आली. त्या जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढे मुलचेरा हा स्वतंत्र तालुका झाला.

आज मुलचेरा तालुक्यातील गावांची नावे वाचली तरी इतिहास बोलू लागतो. सुंदरनगर, विजयनगर, शांतिग्राम, विवेकानंदपूर, देशबंधूग्राम. गोंडी, तेलुगू आणि मराठी नावांच्या गावांमध्ये ही बंगाली नावे आहेत. खाडीच्या आणि भरती-ओहोटीच्या मुलखातील माणूस सागवानाच्या आणि बांबूच्या रानात आला. ज्याचे वाहन होडी होते त्याला पायवाटेचीही खात्री नसलेल्या भूमीवर उतरविले गेले. हिवताप होता, श्वापदे होती आणि माती अनोळखी होती. तरीही या लोकांनी रान फोडून भातशेती केली, भाजीपाला पिकविला, तळी खोदून मासळी वाढविली. आज आठवडी बाजारात बंगाली, मराठी आणि गोंडी एकमेकींत मिसळून बोलल्या जातात.

सर्वांना ही भूमी मानवली नाही. १९७८ साली दंडकारण्याच्या छावण्यांतून हजारो नमःशूद्र सुंदरबनकडे परत गेले व मरीचझापी बेटावर त्यांनी स्वकष्टाने वसाहत उभारली. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्या बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वसाहत उद्ध्वस्त करण्यात आली. आपल्याच भाषेच्या राज्यानेही त्यांना ठाव दिला नाही.

न्यायाने आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मुलचेऱ्याचे अरण्य निर्मनुष्य नव्हते. ते गोंड आणि माडिया यांचे होते. आदिवासींना न विचारता त्यांच्या रानात वसाहती आखल्या गेल्या. एका भूमिहीन केलेल्या समाजाला दुसऱ्या उपेक्षित समाजाच्या भूमीवर बसविणे ही राज्यकर्त्यांची सोय होती. त्यातून जमिनीचे आणि जंगलहक्कांचे जे तणाव निर्माण झाले, त्यांचा दोष या दोन समाजांपैकी कोणाच्याही माथी मारता येणार नाही.

सीमेवर गळून पडलेली नोंद

नकाशावरील रेषेचे वाद कालांतराने मिटले. बेरुबाडीच्या विभागणीवर १९५८ साली करार झाला. त्यासाठी १९६० मध्ये नववी घटनादुरुस्ती करावी लागली. एकमेकांच्या हद्दीत अडकलेली छोटी भूखंडे, म्हणजे भारताची १११ आणि बांगलादेशची ५१, अखेर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री बदलून घेण्यात आली. रेषा सरळ होण्यास ६८ वर्षे लागली. मुलचेऱ्यातील नमःशूद्रांचा हिशेब त्यानंतरही अपुरा आहे.

घटनेच्या ३४१ व्या कलमान्वये अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. नमःशूद्र जात पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा या राज्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. एका राज्यातील अनुसूचित जातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला तर तो दर्जा त्याच्यासोबत जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निर्णय आहे. परंतु हा समाज पोटासाठी आपणहून येथे आलेला नाही. सरकारने त्याला गाडीत बसवून येथे आणले. राहिला असता तर जो दर्जा मिळाला असता, तो सरकारी पुनर्वसनानेच गेला. वर कोणी त्याला 'बांगलादेशी' म्हणून हिणवतो, कोणी त्याची कागदपत्रे मागतो. बांगलादेश जन्मण्याच्या आधी तो येथे आला होता, हे हिणवणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

या वेदनेची भाषा आपणांस अपरिचित नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे बाबासाहेबांच्या हस्ते ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांचे आपण वारस आहोत. दीक्षा घेताच केंद्राच्या यादीतून आपले नाव गेले. अस्पृश्यतेचे चटके मात्र गेले नव्हते. ती नोंद परत मिळविण्यास १९९० साल उजाडले. धर्म बदलला म्हणून आपली नोंद पुसली गेली, तर सीमा ओलांडली म्हणून नमःशूद्रांची. पुसणारा कागद निराळा आहे, परंतु ज्याची नोंद पुसली गेली त्याच्यावर होणारा परिणाम सारखाच आहे.

आपले कर्तव्य

भारत-पाकिस्तान संबंध आजही निवळलेले नाहीत. पहलगाम येथील हत्याकांडानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला आणि मे महिन्यात दोन्ही देशांत प्रत्यक्ष लष्करी संघर्ष झाला. पुन्हा एकदा नदी आणि सीमा हेच विषय आहेत. राष्ट्राच्या संरक्षणाविषयी बाबासाहेब कधीही उदासीन नव्हते आणि आपणही नाही. परंतु संरक्षणाचा विचार करताना कलहाची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा १९५१ चा प्रश्न आपण सोडून देता कामा नये.

आम्हास असे वाटते की, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बौद्ध समाजाने हा प्रश्न आपला मानावा. मुलचेऱ्यातील वृद्धांच्या आठवणी अजून लिहून घेता येतील. त्यांच्या मुखातून बारिसाल-खुलन्याचा आणि छावण्यांचा इतिहास मराठीत यावा. नमःशूद्रांची नोंद महाराष्ट्राच्या यादीत व्हावी, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. यादीत बदल संसदच करू शकते, पण त्याची शिफारस राज्यातून जावी लागते. त्या शिफारशीमागे आपला आवाज असला पाहिजे. यादीत एक जात वाढली तर आपला वाटा घटेल, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिला उत्तर इतिहासच देतो. १९४६ साली बंगालच्या दलितांनी वाट्याचा विचार केला असता, तर एका परप्रांतीय महाराच्या मुलासाठी आपली मते त्यांनी खर्ची घातली नसती.

मुलचेऱ्याच्या शाळेत आज एखादा नमःशूद्र विद्यार्थी संविधानाची उद्देशिका म्हणत असेल. त्या संविधानाच्या शिल्पकाराला घटना समितीत पाठविणाऱ्या समाजाचा तो नातू आहे. त्याच संविधानाच्या यादीत त्याला जागा नाही. हे ऋण आहे आणि ऋण फेडावयाचे असते.